जिम्नीचं सस्पेन्शन: आधी वजन, मग स्प्रिंग, स्वे बार शेवटी

सस्पेन्शन किट घेताना पहिला प्रश्न हमखास विचारला जातो तो "गाडी किती इंच उचलेल?" जिम्नी या सुझुकीच्या छोट्या फोर-बाय-फोरच्या बाबतीत हा प्रश्नच चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. तिचे पुढचे-मागचे दोन्ही अक्सल अखंड आहेत, म्हणजे दोन्ही चाकं एकाच कडक दांड्याला जोडलेली. उंच स्प्रिंग घातली की बॉडी वर जाते, पण डिफरन्शियलचा गोळा (अक्सलमध्येच असलेला, चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) जिथल्या तिथेच राहतो. 210 मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स त्या गोळ्याखालचा, आणि तो वाढतो फक्त टायरने. तेही 195/80 आर15 काढून 215/75 आर15 घातले तर व्यास जेमतेम 10 मिमीने वाढतो, म्हणजे गोळा 5 मिमी वर. उंच स्प्रिंगचा खरा फायदा पोटाला आणि बंपर न घासता किती तीव्र चढ-उतार घेता येतो त्या कोनांना होतो.

म्हणून सुरुवात वजनकाट्यावरून करा. नेहमीचं सामान, माणसं, भरलेली टाकी असं सगळं घेऊन आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची मोटर) मिळून पुढे सहज 70-80 किलो चढतात. जे वजन कायम गाडीवर असतं, त्यासाठीच स्प्रिंग निवडायची. वर्षातून एकदा लडाखला नेता त्या सामानासाठी नाही. जड स्प्रिंग रिकाम्या गाडीला घातली तर 40 मिमीचं किट 60 मिमी उचलतं, चाक खडीवर उडतं आणि खड्ड्यात खाली उतरायला हवं तेव्हा अधांतरी लटकतं. उंची मोजताना हबच्या (चाकाच्या केंद्राच्या) मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा आकडा बिघडवते.

शॉकअप निवडताना ब्रँडच्या आधी दोन लांब्या विचारा: पूर्ण दाबल्यावर किती, पूर्ण ताणल्यावर किती. बंप स्टॉप (सस्पेन्शन शेवटी जिथे टेकतं तो रबरी ठोकळा) टेकण्याआधी शॉकअप संपला तर प्रत्येक मोठा दणका त्याच्या पिस्टनवर जातो आणि थोड्याच दिवसांत तेल गळायला लागतं. कच्च्या रस्त्यावर तासन् तास धावल्यावर साध्या ट्विन-ट्यूबमधलं (नळीत नळी असलेल्या शॉकअपमधलं) तेल तापून फेसाळतं आणि गाडी होडीसारखी डुलायला लागते. एकाच नळीचा मोनोट्यूब लवकर थंड होतो, पण नळीला दगडाचा पोचा पडला की पिस्टन अडकतो. शनिवार-रविवारच्या वापराला फोम सेलचा (तेल फेसाळू नये म्हणून आत फोम असलेला) ट्विन-ट्यूब पुरतो.

50 मिमी उचललेल्या जिम्नीत दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, दोन-तीन अंशांनी घटतो. स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि 80 च्या पुढे गाडी भरकटते. उपाय म्हणजे अक्सल धरणाऱ्या पुढच्या आर्मना कॅस्टर करेक्शन बुश (तो कोन परत वाढवणारे सांध्यातले बुश). दोन, पॅनहार्ड रॉड (अक्सलला आडवा सरकू न देणारा दांडा) तिरका झाल्यामुळे अक्सल एका बाजूला सरकतो. दोन्ही फेंडरवरून ओळंबा सोडून टायरपर्यंतचं अंतर मोजा. फरक 12 मिमी आला तर अक्सल 6 मिमी सरकलाय. ॲडजस्टेबल रॉडने तो मधोमध आणा. ब्रेकचा होज (लवचीक नळी) आणि एबीएसची वायर चाक पूर्ण लटकवून तपासा. ताणलेला होज तिथेच दिसतो.

सगळ्यात जास्त गॅरेजांत होणारी चूक मात्र वेगळीच. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि त्याच अवस्थेत आर्मचे बोल्ट कचकचून आवळले जातात. रबरी बुश त्या स्थितीत पकडला जातो आणि गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो. काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी फक्त हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, चार-सहा वेळा दाबून हलवा, मगच टॉर्क रेंचने आवळा. 500 किमीनंतर पुन्हा एकदा पाना फिरवा.

आता स्वे बार, म्हणजे वळणावर गाडी झुकू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा स्प्रिंगसारखा दांडा. जिम्नीला कंपनीकडून तो फक्त पुढे येतो. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: 24 चा 26 मिमी केला तर 38 टक्के जास्त. म्हणून "थोडा जाड" असं काही नसतं. मागे बार घातला तर घाटात गाडी कमी झुकते, पण खडकावर मागचं एक चाक वर आणि दुसरं खाली जायला कमी मोकळीक मिळते. उंच रॅक आणि बहुतेक डांबरच, तरच घ्या.

दगडधोंड्यात जाणाऱ्याने पुढच्या बारला पिन काढून सुटणाऱ्या लिंक (बारची टोकं जोडणाऱ्या कांड्या) बसवाव्यात. लांबी गाडी उचलली तेवढीच वाढवायची, म्हणजे सपाटीवर बार आडवा राहतो. पिन सपाट जागीच काढा, उतारावर त्या अडकून बसतात. दोन्ही बाजूंच्या काढा आणि मोकळा बार वर बांधा, नाहीतर टायरला किंवा होजला घासतो. बार सोडून ताम्हिणी उतरायचा विचारही नको: उंच झालेली गाडी पहिल्याच हेअरपिनला अंगावर येते. डांबर लागलं की पिना आत.

मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 आणि विम्याची कागदपत्रं किट मागवण्याआधीच वाचा. दिव्यांचा झोत बसवून झाल्यावर खाली करून घ्या.