पुण्यात प्रीपेड सिम निवडताना: रेंज बघायची ती आपल्या उशीपाशी

भाचीने कर्वेनगरला खोली घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी तिचा फोन आला, "मावशी, बोलायला बाल्कनीत यावं लागतंय गं. तेही कठड्यावर वाकलं तरच." सिम तिने वर्गातल्या मुलींना विचारून घेतलं होतं. त्या राहतात लांब, वाकडला. "पुण्यात कुठलं नेटवर्क चांगलं?" हा प्रश्नच मुळात फसवा आहे. आपल्या खोलीत काय चालतं, एवढंच विचारायचं.

म्हणून आधी कागद घ्या आणि फोन खरोखर कुठे कुठे वापरता ते लिहा. झोपायची जागा, कॉलेजचं किंवा ऑफिसचं टेबल, रोजचा रस्ता, गाव. मेट्रोने जात असाल तर शिवाजीनगर ते स्वारगेट हा जमिनीखालचा टप्पाही लिहा. गाव वेल्ह्याकडे किंवा मुळशीत आत असेल तर ते सगळ्यात वर लिहा, कारण शहरात एक सिम चालेना तर दुसरं घेता येतं, पण डोंगराआड गेल्यावर एकाच कंपनीचा टॉवर असू शकतो.

मग हातातला फोन तपासा. जिओकडे २जी-३जी नाहीच, तेव्हा आजीचा जुना बटणांचा फोन त्यावर चालायचा नाही. जिओचं ५जी ४जीच्या आधाराशिवाय चालणारं, म्हणजे स्टँडअलोन आहे. ५जीचे सुरुवातीचे काही फोन सॉफ्टवेअर अपडेट केल्याशिवाय ते पकडत नव्हते.

कंपन्यांनी कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकावेत, हे ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, बंधनकारक केलं आहे. ते बघा, पण नकाशा गल्ली रंगवतो, खोली नाही. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या दीड हात जाड भिंतीत रस्त्यावरचं फुल नेटवर्क कुठल्या कुठे विरतं. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात. ५जीचा मुख्य वेग ज्यावर आहे त्या ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र भिंतीपाशीच दमतात. नकाशापेक्षा मी सोसायटीच्या वॉचमनला विचारेन. तो बारा तास तिथेच बसून व्हिडिओ बघत असतो.

खरी तयारी म्हणजे चाचणी. डिपॉझिट द्यायच्या आधी वेगवेगळ्या कंपन्यांचं सिम असलेल्या तीन-चार मैत्रिणींना खोलीवर पोह्यांना बोलवा. भाचीने हे उशिरा केलं, पण केलं. सगळ्यांनी आधी वायफाय बंद केलं (हे विसरलात तर घरमालकाच्या ब्रॉडबँडचा वेग मोजून खूश व्हाल). मग एकेक फोन उशीवर, ओट्यावर आणि दार लावून बाथरूममध्ये ठेवून बघितला. स्क्रीनवरच्या सिग्नलच्या दांड्या मोजू नका. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा असतो. तो उणे असतो. ४जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११५ च्या खाली गेला की कॉल तुटायला लागतात. वेग ट्रायच्या मायस्पीड अॅपवर मोजा, आणि रात्री साडेनऊला पुन्हा मोजा. दुपारी तीनला ४० एमबीपीएस दाखवणारं सिम रात्री सगळी बिल्डिंग मॅच लावून बसली की ४ वर येतं. माझ्या मते रात्री सलग १० एमबीपीएस मिळत असेल तर एकट्या माणसाला पुरतं. त्यापुढचे आकडे मिरवायला. ऑनलाइन मुलाखती असतील तर अपलोडही बघा. शेवटी खाली पार्किंगमध्ये जाऊन एक रुपया यूपीआयने पाठवा. तिथे चक्र नुसतं फिरत राहिलं तर रिक्षावाल्यासमोर तुमचं काय होणार ते कळेल.

प्लॅनबद्दल दोनच गोष्टी. २८ दिवसांचा घेतलात तर वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज पडतात. आणि जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओ-एअरटेलने अमर्याद ५जी रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरतं ठेवलं. आत्ता काय अट आहे ते रिचार्ज मारण्याआधी वाचा.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची (म्हणजे नंबर पोर्ट करायचा) असेल तर सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, आणि सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर ७ दिवस थांबावं लागतं. उरलेला बॅलन्स नव्या कंपनीत येत नाही, तो आधी संपवा. मग त्याच नंबरवरून इंग्रजी मोठ्या लिपीत PORT, जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवा. आठ अक्षरांचा कोड येतो; तो महाराष्ट्रात ४ दिवसच चालतो, म्हणून दुकानात आधार घेऊन जायच्या दिवशीच मागवा. सर्कल, म्हणजे फोनसेवेचा विभाग, तेच असेल तर काम तीन कामाच्या दिवसांत होतं. मुंबई वेगळं सर्कल आहे; तिथला नंबर पुण्यात आणायला पाच.

नंबर मधे काही तास बंद राहतो. मी नेमका विम्याच्या हप्त्याच्या शेवटच्या दिवशी पोर्ट केला आणि ओटीपीची वाट बघत बसले, दंड भरला. तेव्हा फी, तिकीट, बँक ही कामं आधी उरका. जुनं सिम मेलं की नवं लावा, आणि बँकेचा एक ओटीपी मागवून बघितल्याशिवाय पोर्टची पावती फेकू नका.