मुख्य दरवाज्याचे साहित्य निवडताना या चुका टाळा: कणकुंबीचा पाऊस ते अथणीचे ऊन

बेळगाव जिल्ह्यात घर बांधायला काढलेल्या माणसाला मुख्य दरवाज्याविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि बहुतेकांचा सल्ला ‘सागवान घ्या’ एवढ्यावर संपतो. मात्र हा एकच जिल्हा पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीच्या धुवांधार पावसात भिजतो आणि पूर्वेला अथणीकडे वर्षभरात जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पावसावर भागवतो, हे त्या सल्ल्यात कुठेच येत नाही. बेळगाव शहरात साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, खानापुरात त्याहून बराच अधिक, आणि कणकुंबीला त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे कोणते साहित्य घ्यावे या प्रश्नाआधी आपल्या दरवाज्यावर प्रत्यक्ष किती पाणी आणि किती ऊन पडणार आहे, हा प्रश्न विचारावा लागतो. तो न विचारल्यामुळे झालेल्या चुका मी अनेक घरांत पाहिल्या आहेत आणि त्यांतली एक आमच्या स्वतःच्या घरातली आहे.

जुन्या घरातला दरवाजा का टिकला, हे न पाहणे

‘आजोबांच्या घरचा सागवानी दरवाजा शंभर वर्षे टिकला’ हे आपण अभिमानाने सांगतो. तो दरवाजा कुठे बसवला होता, हे मात्र आठवून पाहत नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांना पुढे पडवी किंवा सोपा असे, उतरते कौलारू छप्पर पार पुढे आलेले असे, आणि मुख्य दरवाजा त्या सावलीत आत असे. मृगापासून दसऱ्यापर्यंत त्या लाकडाला पावसाचा थेंब थेट लागत नसे. आज रस्त्याला लागून तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर घर उभे राहते, पडवी जाते, आणि दरवाज्यावर केवळ दोन फुटांचा छज्जा उरतो.

या छज्ज्याचा हिशोब एकदा करून पाहावा. वाऱ्याबरोबर पाऊस ४५ अंशांनी तिरका आला, तर दोन फुटांचा छज्जा स्वतःखालच्या दोन फुटांनाच कोरडे ठेवतो. छज्जा चौकटीच्या अर्धा फूट वर असेल, तर सात फुटांच्या दरवाज्याचा वरचा दीड फूट वाचतो आणि खालचा साडेपाच फूट भिजतो. आपला पावसाळी वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येत असल्याने त्या दिशेला तोंड असलेल्या घरांना हा मार सर्वाधिक बसतो, आणि पावसाळा संपला की त्याच दरवाज्यावर दुपारचे ऊनही पडते. पूर्वाभिमुख घरांना वास्तुशास्त्राच्या निमित्ताने का होईना, या दोन्हींपासून बरेच संरक्षण मिळते.

म्हणून घर पश्चिमेकडे उघडणार असेल, तर महाग लाकूड घेण्याआधी तोच पैसा चार-पाच फुटांच्या पोर्चवर खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगतो. पोर्चखालचा मध्यम प्रतीचा दरवाजा उघड्यावरच्या उत्तम सागवानापेक्षा अधिक वर्षे चांगला राहतो.

ओल्या लाकडाचा दरवाजा करणे

ही आमची चूक. घर बांधताना शेताच्या बांधावरचा साग रीतसर परवानगी काढून माघात तोडला, चैत्रात चिरून घेतला, आणि अक्षय तृतीयेला वास्तुशांती ठरली असल्यामुळे सुतारामागे घाई लावली. रंधा मारताना त्याने ढलपी हातात घेऊन वडिलांना स्पष्ट सांगितले होते, “काका, लाकूड अजून ओलं हाय, एक पावसाळा जाऊ द्या.” मुहूर्त मोडायला कोणी तयार झाले नाही. आषाढात दरवाजा खाली घासू लागला, म्हणून श्रावणात त्याची खालची कड तासून घेतली. संक्रांतीपर्यंत लाकूड आतून वाळले आणि झडप पिळली. बंद केलेल्या दरवाज्याचा खालचा कोपरा चौकटीला टेकत असे आणि वरचा कोपरा बोटभर बाहेर राहत असे. तासलेल्या कडेखालून सकाळी उन्हाची तिरीप सोप्यात पडे, आणि त्या फटीतून पाच रुपयांचे नाणे उभे धरले तरी सहज आत जाई. चांगल्या सागाचा, चांगल्या हाताने केलेला दरवाजा केवळ आठ महिन्यांच्या घाईमुळे वाया गेला, याची वडिलांना शेवटपर्यंत हळहळ वाटत होती.

यामागचे कारण समजून घेतले, तर पुढचे अनेक निर्णय सोपे होतात. लाकूड लांबीत जवळजवळ आखडत नाही. ते रुंदीत आखडते आणि फुगते. पावसाळ्यात लाकडातला ओलावा १२ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेला, तर तीन फूट रुंदीची सलग सागवानी फळी, ती बुंध्यातून कशी चिरली आहे त्यानुसार, साधारण तीन ते सात मिलिमीटर वाढते. याच कारणासाठी पूर्वीचे सुतार सलग फळीचा दरवाजा करत नसत. ते उभ्या-आडव्या पट्ट्यांचा सांगाडा करत आणि त्याच्या खाचेत दिलहा, म्हणजे मधली चौकोनी फळी, मोकळा बसवत. सांगाड्याची उभी पट्टी चार-पाच इंचच रुंद असल्याने तिची वाढ मिलिमीटरच्या आसपास राहते, आणि दिलहा आपल्या खाचेत हवा तसा हलतो. आज ‘मजबुतीसाठी’ दिलहा खाचेत गोंदाने पक्का चिकटवला जातो, मग उन्हाळ्यात त्याला आखडायला जागा मिळत नाही आणि तो मधोमध फाटतो. नक्षी कोणतीही निवडा, पण दिलह्याला गोंद लावू नका, एवढे सुताराला आवर्जून सांगावे.

लाकूड वाळले आहे की नाही, हे ओळखण्याचा घरगुती मार्ग आहे. फळीच्या टोकाचा तुकडा घेऊ नये, कारण टोके आधी वाळतात. मधल्या भागातला एक तुकडा कापून किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करावे, तो घरात कोरड्या जागी ठेवावा आणि दर आठवड्याला पुन्हा तोलावा. वजन घटत असेल तोवर लाकूड ओले आहे. सुताराकडे ओलावा मोजायचे यंत्र असल्यास १२ टक्क्यांच्या आसपासचा आकडा यायला हवा. घरचे झाड असेल, तर चिरलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या देऊन, टोकांना रंग लावून रचाव्यात. एक इंच जाडीच्या फळीला सुमारे वर्ष लागते, असा जुना ठोकताळा आहे. वेळ नसेल तर भट्टीत वाळवलेले लाकूड विकत घ्यावे.

सीमाभागातल्या लोकांसाठी आणखी एक सूचना. महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजकडच्या नातेवाइकांनी ‘आमच्या शेतातला साग घेऊन जा’ असे प्रेमाने सांगितले, तरी तोडीची परवानगी आणि वनखात्याचा वाहतूक परवाना हाती आल्याशिवाय गाडी भरू नये. कागद नसलेले लाकूड राज्याच्या हद्दीवर अडते, आणि मग ते सोडवण्यात घराचे काम थांबते.

‘सागवान’ या शब्दावर पैसे मोजणे

झाडाच्या बुंध्यात आतला गाभा आणि सालीलगतचा पांढुरका भाग असे दोन प्रकारचे लाकूड असते. सागाची कीर्ती आहे ती गाभ्याची. त्यातले नैसर्गिक तेल वाळवीला आणि पाण्याला दाद देत नाही. पांढऱ्या भागात ते गुण नसतात आणि भुंगा नेमका तिथेच लागतो. दांडेलीच्या जुन्या जंगली सागाचे नाव मोठे आहे ते त्याच्या भरलेल्या गाभ्यामुळे. आफ्रिकेतल्या लागवडीचा साग हाही खरा सागच असतो, पण कमी वयात तोडलेल्या झाडात पांढरा भाग जास्त निघतो. म्हणून देशाचे नाव विचारण्याऐवजी फळी उलटून दोन्ही कडा पाहाव्यात. पॉलिश केलेली तयार चौकट कधीही घेऊ नये, कारण गडद पॉलिशखाली पांढरे लाकूड पूर्ण झाकले जाते.

सागच हवा असा हट्टही नको. खानापूर भागात फणसाच्या लाकडाचे दरवाजे पिढ्यान्पिढ्या वापरात आहेत. ते वाळवीला चांगला प्रतिकार करते आणि वर्षागणिक त्याचा पिवळा रंग गडद होत सुंदर दिसतो. आंब्याचे लाकूड मात्र बाहेरच्या दरवाज्याला वापरू नये. शहरातला एखादा जुना वाडा उतरवला जात असेल आणि त्याचे दरवाजे विकायला निघाले असतील, तर जरूर जाऊन पाहावे. ते लाकूड कित्येक दशके वाळलेले असते. त्यातले खिळे काढून, भुंग्याची छिद्रे तपासून, नव्या मापाला बसेल असा तुकडा मिळाला तर त्यासारखी खरेदी नाही.

आतल्या खोलीचा दरवाजा बाहेर लावणे

फ्लश दरवाजा, म्हणजे दोन्ही बाजूंना सपाट प्लाय चिकटवून केलेला दरवाजा, स्वस्त असतो आणि वरून सागाचा पातळ पापुद्रा लावला की ओळखूही येत नाही. पोर्चखाली, अथणी-रायबागसारख्या कोरड्या भागात तो चालतो, पण आतला गोंद पाण्याला टिकणारा असला पाहिजे. प्लायवूड घेताना ‘आयएस ७१०’ ही भारतीय मानकाची खूण पाहावी. या प्रतीच्या प्लायची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात घेतली जाते. दुकानदाराकडून एक लहान तुकडा मागून घरी चार-पाच तास उकळावा. थर सुटले, तर उत्तर मिळाले. लाकडाच्या भुशापासून दाबून केलेले नक्षीदार साच्याचे दरवाजे मुख्य दरवाज्यासाठी घेऊच नयेत, ते कडेने पाणी पितात आणि फुगल्यावर पूर्ववत होत नाहीत.

सनमायका एकाच बाजूला लावणे ही तर रोजची चूक आहे. एक बाजू बंद आणि दुसरी उघडी राहिली, की ओलावा एकाच बाजूने ये-जा करतो आणि दरवाजा कमानीसारखा वाकतो. दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचा थर हवा.

डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचे मिश्रण) आणि एफआरपी (काचतंतू घातलेले प्लास्टिक) यांना पाण्याचे भय नाही, वाळवीचे नाही. पावसाचा मार थेट बसणाऱ्या दरवाज्यासाठी मी त्यांचा विचार जरूर करीन. मात्र डब्ल्यूपीसीत स्क्रू लाकडाइतका घट्ट धरत नाही आणि गडद रंगाचा पत्रा-पातळ दरवाजा पश्चिमेच्या उन्हात तापून वाकतो, म्हणून जाड आणि फिक्या रंगाचा घ्यावा.

पोलादी दरवाजा सुरक्षिततेसाठी घेतला जातो आणि ते योग्यच आहे. पत्र्याची जाडी, आत कागदी जाळी भरली आहे की फोम, आणि कुलपाचे दांडे चौकटीत किती ठिकाणी शिरतात, हे विचारावे. लाकडासारखा दिसणारा थर खरचटला की तिथून गंज सुरू होतो. कारवारच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर घडते, म्हणून किनाऱ्यावरच्या नातेवाइकांना मी पोलादी दरवाज्याचा सल्ला देत नाही.

चौकटीकडे दुर्लक्ष करणे

आपल्याकडे भिंत बऱ्याचदा जांभ्या चिऱ्याची असते आणि चिरा पाणी शोषतो. चौकटीची जी बाजू भिंतीत जाणार, तिला बसवण्याआधी डांबराचे किंवा बिटुमेनचे दोन हात द्यावेत. एकदा गिलावा झाला की ती बाजू पुन्हा कधी दिसत नाही. उंबरा लाकडी हवाच असेल, तर त्याखाली दगडाची पट्टी घालावी, आणि चौकटीचे पाय थेट मातीत किंवा फरशीखालच्या भरावात पुरू नयेत. वाळवी तिथूनच चढते.

वजनाचाही विचार हवा. सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद आणि दीड इंच जाडीचा भरीव सागवानी दरवाजा सुमारे ५५ किलो भरतो. त्याला तीन इंची दोन बिजागऱ्या पुरत नाहीत; पाच इंची, गंज न धरणाऱ्या किमान तीन, शक्यतो चार लावाव्यात.

दरवाजा बिघडला आहे, आता काय करावे

पावसाळ्यात दरवाजा अडतो आहे म्हणून लगेच रंधा हाती घेऊ नये. आधी तो नेमका कुठे घासतो, हे पाहावे: कडेला खडू लावून दरवाजा बंद-उघड केला, की चौकटीवर खूण उमटते. कुलपाच्या बाजूचा वरचा कोपरा घासत असेल, तर बहुधा लाकूड फुगलेले नसून वरची बिजागरी सैल झालेली असते. तिचे स्क्रू काढून लांब स्क्रू घातले की काम होते. संपूर्ण उभी कड घासत असेल, तर लाकूड फुगले आहे. पेन्सिलने खूण करून ठेवावी आणि दरवाजा ओढून-ढकलून पावसाळा काढावा. मार्गशीर्ष-पौषात तो पुन्हा तपासावा. तेव्हाही घासत असेल तरच तेवढे तासावे, आणि तासलेल्या कडेला त्याच दिवशी पॉलिश द्यावे.

दिलह्याला चीर पडली असेल, तर ती पुट्टीने किंवा एम-सीलने भरू नये. भरलेली चीर पावसाळ्यात मिटू शकत नाही आणि शेजारी दुसरी पडते. दिलहा खाचेत चिकटला असल्यास सुताराकडून तो मोकळा करून घ्यावा.

दरवाज्याखाली पीठ दिसले, तर ते बोटात चोळून पाहावे. तांदळाच्या पिठासारखी मऊ पूड आणि लाकडावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक गोल छिद्रे म्हणजे भुंगा; तो पांढऱ्या भागापुरता असतो आणि छिद्रांत औषध भरून आटोक्यात येतो. मातीच्या बारीक नळ्या चौकटीवरून चढलेल्या दिसल्या, तर ती वाळवी आहे. तिचा उपाय दरवाज्यात नाही, पायाजवळच्या जमिनीत आहे, आणि त्यासाठी जाणकार माणूसच बोलवावा.

दरवाज्याला पुढची, मागची आणि चार कडांच्या अशा सहा बाजू असतात. पॉलिश करणारा कारागीर बहुधा चारच करतो. वरची आणि खालची कड कोरी राहते, आणि पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरते. दरवाजा बिजागऱ्यांवर चढवण्याआधी तो आडवा ठेवलेला असतानाच या दोन कडांना बाहेरच्या वापराचे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश दोन हात द्यावे. बसवून झालेल्या दरवाज्याची खालची कड पाहायची असेल, तर जमिनीवर एक आरसा ठेवून विजेरीचा प्रकाश टाकावा. कोरे, फिकट लाकूड दिसले, तर येत्या मृगाच्या आधी दरवाजा उतरवून ती कड बंद करून घ्यावी.