सप्ताहातल्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग: कानात घुसणारा टाळ कसा आवरावा

मराठवाड्यात हरिनाम सप्ताहाचं कीर्तन रेकॉर्ड होतं ते बहुधा पत्र्याच्या सभामंडपात. घरी ऐकलं तर पखवाज दबलेला, ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे, आणि गजर सुरू झाला की टाळ कानात घुसतो. अशा वेळी सरळ ट्रेबल उतरवू नका. टाळाबरोबर महाराजांचा शब्दही पुसट होतो, आणि कीर्तन तर शब्दासाठीच ऐकायचं असतं.

निम्मं काम मंडपातच करायचं. टाळकरी महाराजांच्या मागे उभे असतात, म्हणजे महाराजांकडे तोंड केलेला माइक त्यांच्याकडेही बघत असतो. माइक तोंडापासून ८ इंचांवरून ४ इंचांवर आणा. आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, तेवढा गेन (माइकचा आवाज किती उचलायचा ते बटण) कमी करा, टाळ आपोआप तेवढाच मागे जातो. माइक थोडा खालून, तिरपा धरला तर टाळ त्याच्या थेट समोर येत नाही. फुंकरीचे ‘भ’, ‘फ’ आदळू नयेत म्हणून फोम लावा. मागच्या पत्र्यासमोर चार बोटं अंतर सोडून सतरंज्या, गोधड्या टांगा. त्यांनी घुमारा जात नाही, पण वरचे टोकदार स्वर नक्की शोषले जातात.

लेव्हल बोलण्यावर लावू नका, गजरावर लावा. रेकॉर्डरच्या मीटरवर शून्य ही वरची हद्द; टाळाचा सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. आवाज शून्याला लागून कापला गेला की त्यात मुळात नसलेले कर्कश स्वर तयार होतात, आणि ते इक्वलायझरने काढता येत नाहीत. मोबाइलवर घेत असाल तर ऑटो गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद करा. रेकॉर्डर भोंग्यासमोर ठेवू नका. मिक्सरमधून लाइन आउट घ्या, पण ती थेट मोबाइलच्या माइक इनपुटला जोडलीत तर आवाज फाटेल, मध्ये पॅड (सिग्नल कमी करणारा भाग) असलेली केबल लागते.

आता एडिटिंग. मूळ फाइलची कॉपी करून ऑडॅसिटी या मोफत एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि टीडीआर नोव्हा हा मोफत प्लगइन टाका; हा आवाज वाढला तेवढ्यापुरताच कापणारा इक्वलायझर आहे. गजराचा १०-१५ सेकंदांचा तुकडा लूपवर लावा, हेडफोनचा आवाज आधी कमी करा. एका बँडचा (स्वरांच्या पट्ट्याचा) क्यू मोठा, म्हणजे पट्टा अरुंद, ठेवून तो ८ डेसिबल उचला आणि २ ते १० किलोहर्ट्झमध्ये हळू फिरवा. उचललेला कुठलाही भाग वाईटच लागतो, म्हणून शेजारच्यापेक्षा जो एकदम उसळतो तोच टिपून ठेवा. भोंगा आणि चढा आवाज बहुतेक २.५ ते ४ किलोहर्ट्झला टोचतो, ‘स’-‘श’ ५ ते ८ ला. टाळाचा आकडा मात्र त्याच्या आकार-वजनावर असतो, तो दर मंडळाचा वेगळा निघेल.

सापडलेली जागा कायमची कापू नका. निरूपणात टाळ शांत असतात आणि त्याच पट्ट्यात शब्दांची स्पष्टता असते. म्हणून बँडचा उचललेला गेन शून्यावर आणा, क्यू २-३ करा आणि थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर काप सुरू होतो ती) असा लावा, की ठोक्याला ३ ते ५ डेसिबल कमी होईल, एरवी काहीच नाही. अटॅक (काप सुरू व्हायला लागणारा वेळ) १-३ मिलिसेकंद, रिलीज (काप सुटायला लागणारा वेळ) ६०-१०० मिलिसेकंद. रिलीज लांबली तर ठोक्यानंतरचा शब्द मंद होतो, फार आखूड ठेवली तर आवाज थरथरतो. ‘स’-‘श’साठी तसाच दुसरा बँड, पण महाराज बोबडे वाटू लागले की लगेच मागे या. भोंग्याचा कर्कशपणा मात्र सततचा असतो, तिथे २-३ डेसिबलचा कायमचा काप चालतो.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. खालची बाजू पोकळ असली की वरची जास्त बोचते. १५० ते २५० हर्ट्झला २ डेसिबल वाढवून बघा, पखवाज भरेल आणि वरचा काप कदाचित निम्म्यावर येईल.

आधीचं आणि नंतरचं सारख्याच आवाजात ऐका, नाहीतर मोठं वाजणारंच बरं वाटतं. पंधरा मिनिटं कान थांबवून पुन्हा ऐका, मग मोबाइलच्या स्पीकरवरही. फाइल काढताना शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका आणि एमपीथ्री २५६ केबीपीएसच्या खाली नको. १२८ वर टाळ पाण्यात वाजल्यासारखा सळसळतो.