सर्फिंगचा बोर्ड घेऊन ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला शिकायला येताय?

दर फेब्रुवारीत आणि जुलैत इथे आपली नवी मुलं उतरतात. भेटायला आली की बहुतेकजण आधी घराबद्दल विचारतात, नोकरीबद्दल विचारतात. पण त्यात एखादा तरी असा निघतोच, जो चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारतो, "ताई, लाटा कुठे चांगल्या?" हे लिखाण त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी.

मी २०१५ च्या जुलैत आले. पोहायला रत्नागिरीत भाट्याच्या समुद्रात शिकले आणि बोर्डवर उभं राहायला गोव्यात आश्वेच्या किनाऱ्यावर. घरी अभ्यासक्रमाची कारणं दिली होती आणि ती खरीच होती. पण विद्यापीठापासून किनारा किती लांब, हेही मी नकाशावर आधीच मोजून ठेवलं होतं.

लाटांचं सांगतेच. त्याआधी, जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगू दे: आपल्याला पोहता येतं, या भरवशावर इथल्या पाण्यात उतरू नका.

माझा इथला तिसरा रविवार होता. मेन बीचला लाइफगार्डच्या लाल-पिवळ्या झेंड्यांमध्ये गर्दी होती, म्हणून मी बरीच पुढे चालत गेले. एका जागी दोन्ही बाजूंना लाटा फुटून फेस होत होता आणि मधे गडद हिरव्या, शांत पाण्याचा पट्टा होता. मला तीच सगळ्यात सुरक्षित जागा वाटली. कमरेइतक्या पाण्यात गेले आणि पायाखालची वाळू सुटली. मी वळून किनाऱ्याकडे हात मारायला लागले. वीस-पंचवीस हात मारून मान वर केली, तर किनाऱ्यावरचे उंच टॉवर आणखी लहान झालेले. परत हात मारले. छाती भरून आली, तोंडात खारं पाणी गेलं. तेवढ्यात बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा बोर्डवर पोटावर पडून माझ्याजवळ आला आणि ओरडला, "किनाऱ्याकडे नको, आडवी जा!" त्याने बोर्डचं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही फेस दिसत होता त्या बाजूला सरकलो आणि तिथल्या लाटांनीच आम्हाला ढकलत वाळूवर आणून सोडलं. माझी बोटं बोर्डवरून सुटेनात. त्याने ती एकेक करून सोडवली आणि तो पुन्हा पाण्यात गेला. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

नंतर लाइफगार्डने वाळूत बोटाने आकृती काढून समजावलं. लाटा किनाऱ्याकडे पाणी आणून टाकतात आणि ते पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन दांड्यांमधली खोल घळ ही त्याची वाट. खोल पाण्यावर लाट फुटत नाही, म्हणून तिथे फेस नसतो, पाणी गडद आणि शांत दिसतं. म्हणजे नवख्याला जी जागा निवांत वाटते, नेमकी तिथेच ओढ असते. इथे त्याला रिप म्हणतात. आपल्याकडचे मच्छीमार 'पाण्याला ओढ आहे' म्हणतात ना, तीच ही. सापडलात तर तिच्याशी झुंजू नका. उताणे व्हा, तरंगा, हात वर करून हलवा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, जिथे लाटा फुटतायत त्या बाजूला पोहा. बोर्ड जवळ असेल तर तो काही झालं तरी सोडू नका, तो तुमचा तराफा आहे.

जानेवारी २०२४ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात फिलिप आयलंडच्या एका किनाऱ्यावर भारतीय वंशाची चार माणसं एकाच वेळी बुडाली. तिथे लाइफगार्ड नव्हते. अशी बातमी आली की मला तो हिरवा पट्टा दिसतो. म्हणून परत परत सांगते. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहायचं. झेंडे नसतील तर तिथे तुमच्यावर कुणाची नजर नाही, असं समजायचं आणि पोहायला उतरायचं नाही. बोर्ड मात्र त्या झेंड्यांच्या मधे न्यायचा नसतो, पोहणाऱ्यांना लागतो. काळ्या-पांढऱ्या चौकटींचे झेंडे दिसतील, त्यांच्या पलीकडचं पाणी बोर्डवाल्यांचं. पाण्यात जाण्याआधी पंधरा मिनिटं वाळूत बसून बघा: लाटा कुठे फुटतात, कुठे फुटत नाहीत, आधीचे लोक कुठून आत जातात आणि कुठून बाहेर येतात. मी आजही बसते.

आता घर. किनाऱ्याच्या मोहात घर घेऊ नका. मी पहिल्यांदा कूलंगट्टाला खोली घेतली, कारण खिडकीतून लाट दिसायची. वर्ग साउथपोर्टला, तीसेक किलोमीटर लांब. आधी ७०० नंबरची बस, मग ब्रॉडबीचहून ट्राम. एकदा सकाळी आठला आमच्या गटाचं सादरीकरण होतं, मी पोचले तेव्हा माझ्या वाट्याच्या स्लाइड दुसऱ्याच मुलीने सांगून झाल्या होत्या. तिने मला एक शब्दही ऐकवला नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं. पुढच्या सहामाहीला मी ट्रामच्या मार्गावर राहायला आले. तुम्हीही तेच करा. ऑगस्ट २०२४ पासून क्वीन्सलँडमध्ये, म्हणजे आपल्या या राज्यात, शहरातल्या बस, ट्राम, रेल्वेने जा (ब्रिस्बेन विमानतळाची रेल्वे सोडून), एका प्रवासाला ५० सेंट लागतात. त्यामुळे लाटेकडे जाणं स्वस्त झालंय. ट्राममध्ये बोर्ड घेऊन चढणारे तर रोज दिसतील.

खोली प्रत्यक्ष बघितल्याशिवाय भारतातून पैसे पाठवू नका, फोटो कितीही छान असोत. डिपॉझिटला इथे बाँड म्हणतात आणि तो मालकाच्या खिशात राहत नाही, आरटीए या सरकारी संस्थेकडे जमा होतो. जमा झाल्याची पावती मागा. खोलीत शिरताना भिंती, गालिचा, न्हाणीघर यांचे फोटो काढून ठेवा. आणि पत्ता बदलला की सात दिवसांत विद्यापीठाला कळवा, ती व्हिसाची अट आहे.

विमानतळावरचं थोडक्यात. आईने दिलेला मसाला, लोणचं, लाडू, जे काही खाण्याचं असेल ते देशात शिरताना भरायच्या कार्डावर लिहून दाखवा. दाखवलेल्या वस्तूसाठी दंड होत नाही, फार तर ती काढून घेतात. लपवलेल्या वस्तूसाठी मोठा दंड होतो. दुधाची मिठाई आणूच नका. गोव्यात वापरलेला बोर्ड किंवा चपला आणत असाल तर वाळू-माती धुऊन, वाळवून आणा.

नोकरीत मी दोनदा ठेचकाळले. पहिल्या कॅफेत रोखीने पैसे द्यायचे, ताशी दर कायद्यापेक्षा कमी, पगारपत्रक नाही. नवीन असताना 'मिळतंय तेच पुष्कळ' असं वाटतं. तसं नसतं. टॅक्स फाइल नंबर, म्हणजे कर खात्याचा तुमचा नंबर, फुकट मिळतो, आल्या आल्या काढा. पगारपत्रक मागा, आणि कमी पैसे देत असतील तर फेअर वर्क ऑम्बड्समन या कामगारांच्या हक्कांच्या सरकारी कचेरीकडे जा. ती तुमची हक्काची जागा आहे, व्हिसावर असलात तरी. शिकवणी चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपर्यंतच काम करता येतं, सुट्टीत बंधन नाही.

दुसरी ठेच घड्याळाची. मी पुढे ट्वीड हेड्सला काम धरलं. ते कूलंगट्टाला चिकटून आहे, पण राज्य वेगळं, न्यू साउथ वेल्स. तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत तशीच राहतात. क्वीन्सलँड घड्याळाला हात लावत नाही. म्हणजे सहा महिने रस्त्याच्या एका कडेला दहा वाजलेले असतात आणि दुसऱ्या कडेला अकरा. त्या पहिल्या रविवारी मी पाण्यातून वेळेत निघाले, केस पुसले, सहाच्या पाळीला सहाला पाच कमी असताना दारात उभी राहिले. आत सात वाजायला आले होते. सीमेजवळ फोन कधी या बाजूचा टॉवर पकडतो, कधी त्या बाजूचा. म्हणून फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा आणि मनगटावर एक साधं घड्याळ ठेवा.

आता बोर्ड. पहिलं वर्ष फोमी वापरा, म्हणजे मऊ आवरणाचा, आठ फुटांच्या आसपासचा बोर्ड. मी हौसेने पातळ शॉर्टबोर्ड घेतला आणि तीन महिने त्यावर उभीच राहू शकले नाही. जुना बोर्ड घेणार असाल तर उन्हात आडवा धरून बघा. भेग आहे का, अंगठ्याने दाबल्यावर वरचा थर पोकळ लागतो का, आतला फोम पिवळा पडून पाणी प्यायलाय का. लेगरोप, म्हणजे बोर्ड घोट्याला बांधायची दोरी, मात्र नवीनच घ्या. पाय घसरू नये म्हणून बोर्डला जे वॅक्स चोळतात, ते गरम पाण्यासाठीचं घ्या, इथलं पाणी हिवाळ्यातसुद्धा साधारण वीस अंशांच्या खाली जात नाही. आणि बोर्ड बंद गाडीत उन्हात ठेवू नका. वॅक्स वितळून सीटला लागतं ते निघत नाही, आणि उष्णतेने बोर्डचा थर सुटतो. माझा सुटला होता.

शिकायला करंबिन ॲली चांगली, किंवा लहान लाटांच्या दिवशी ग्रीनमाउंट. स्नॅपर रॉक्सला पहिल्याच महिन्यात जाऊ नका. जा, पण बघायला जा. ट्वीड नदीच्या मुखाशी साचणारी वाळू २००१ पासून पंपांनी उचलून स्नॅपरकडे सोडतात. त्या वाळूने स्नॅपरपासून किऱ्यापर्यंत जो लांबच लांब दांडा तयार झाला, त्याला सुपरबँक म्हणतात. मिक फॅनिंग, जोएल पार्किन्सन, स्टेफनी गिलमोर हे जगज्जेते याच पाण्यात वाढले. जेटीसारखा सरळ चाललेला लाटेचा काठ आणि त्यावर एकामागून एक माणसं, असं दृश्य मी दुसरीकडे पाहिलं नाही. पण तिथे गर्दी प्रचंड, आणि एक नियम सगळ्यांना मुखपाठ: लाट जिथून फुटायला लागते, त्याच्या सगळ्यात जवळ जो असतो, लाट त्याची. त्याच्यापुढे घुसलात तर तो 'ड्रॉप इन', आणि ती उद्धटपणाची परिसीमा मानतात. मी अजाणता एका बाईंच्या लाटेत घुसले, माझा बोर्ड त्यांच्या खांद्याला लागला. मी त्यांच्याजवळ जाऊन मनापासून माफी मागितली. त्या म्हणाल्या, आता पुढची लाट तुझी, मी इथून बघते आणि चुकलं तर सांगते. चूक झाली तर पळू नका, तोंड दाखवून माफी मागा. पुढचा सगळा हंगाम तुम्हाला याच माणसांमध्ये काढायचा असतो.

इथले ऋतू उलटे. जून ते ऑगस्ट सकाळी पश्चिमेचा वारा जमिनीवरून समुद्राकडे येतो आणि लाटांना घडी घातल्यासारखं नीट करतो. हीच उत्तम वेळ. उन्हाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की निळ्या फुग्यांच्या माळा किनाऱ्याला लागतात, त्या ब्लूबॉटल. मला मांडीवर दंश झाला तेव्हा मैत्रिणीने व्हिनेगर ओतलं. ते उत्तरेकडच्या बॉक्स जेलीफिशसाठी, यासाठी नाही. ब्लूबॉटलला समुद्राच्या पाण्याने धागे धुऊन काढायचे आणि सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं तो भाग ठेवायचा. वाळू चोळायची नाही. उन्हाचंही ऐका. आपली कातडी सावळी म्हणून काही होत नाही, हा समज मी पहिल्याच डिसेंबरात गमावला. लांब बाह्यांची रॅशी, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा टीशर्ट, घाला, सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये दूरच्या वादळांमुळे मोठ्या लाटा येतात, आणि नेमके तेव्हाच वर्ग सुरू झालेले असतात. मार्च २०२५ मध्ये आल्फ्रेड वादळाने तर किनाऱ्यावरची वाळूच खरवडून नेली, माणसापेक्षा उंच कडे उरले होते. त्यामुळे गेल्या वर्षी कुणी सांगितलेली जागा यंदा तशीच असेल असं धरू नका.

बोर्डखालच्या फिनने, म्हणजे धारदार पंखाने, घोटा कापला तेव्हा मला सहा टाके पडले. विद्यार्थी विम्याचं कार्ड घरी राहिलं होतं, म्हणून पूर्ण रक्कम आधी भरावी लागली आणि परत मिळायला दोन महिने गेले. कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. तातडीचा नंबर ०००. डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशी घ्या आणि असाइनमेंटची मुदत संपण्याआधी शिक्षकांना कळवा. आधी कळवलंत तर मुदत वाढवून मिळण्याची बरीच आशा असते.

दुसऱ्या वर्षी मी जीवरक्षकांच्या क्लबमध्ये ब्राँझ मेडॅलियनसाठी, म्हणजे जीवरक्षकाच्या परीक्षेसाठी, नाव घातलं. ४०० मीटर नऊ मिनिटांत पोहावं लागतं. पहिल्या चाचणीत मला साडेदहा लागली. सात आठवडे रोज सकाळी तलावात गेले. आता उन्हाळ्यात दोन रविवारांआड पहाऱ्याला असते आणि कुणी त्या हिरव्या पट्ट्याकडे चालायला लागलं की आधी माझी शिट्टी वाजते. तुम्हीही या. पोहायला-वाचवायला शिकवतात आणि इथली ओळखीची माणसं इथेच मिळतात.

आणि पहाटे एकट्याने निघताना रूममेटला एक मेसेज टाका: कुठला किनारा, आणि किती वाजता बाहेर येणार. घरी सांगून उपयोग नसतो, तेव्हा तिकडे रात्रीचा एक वाजलेला असतो.