कोटिंगमध्ये नव्याने येताय? आधी टाकीतलं पाणी बघा

मेटल फिनिशिंगमध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यातलं सगळ्यात नवं काय चाललंय?" मग नॅनो कोटिंग, लेझर, प्लाझ्मा, सेल्फ-हीलिंग असे शब्द येतात. उत्सुकता चांगलीच आहे. पण बरीच वर्षं प्लेटिंग आणि पावडर कोटिंगच्या लाइनवर काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. या क्षेत्रातला जवळजवळ प्रत्येक नवा शोध काहीतरी देतो आणि त्या बदल्यात तुमच्या हातातली चुकांची सूट काढून घेतो. जुन्या जाड थराखाली थोडाफार तेलकटपणा, थोडं खराब पाणी खपून जायचं. नव्या थराखाली ते खपत नाही. म्हणून नवं शिकायचं असेल तर सुरुवात डिग्रीसिंगच्या, म्हणजे तेल काढण्याच्या, टाकीपासून करा.

झिर्कोनियमचंच बघा. रंगाआधी लोखंडावर झिंक फॉस्फेट करायची पद्धत फार जुनी. पृष्ठभागावर बारीक स्फटिक उगवतात, थर साधारण 1 ते 3 मायक्रॉनचा, टाकी 50 अंशांच्या आसपास तापवावी लागते आणि तळाला गाळ साचत राहतो. तो गाळ उपसणं हे लाइनवरचं सगळ्यात नावडतं काम. झिर्कोनियमवर आधारलेल्या प्रक्रियेत टाकी खोलीच्या तापमानाला चालते, गाळ नावापुरता, फॉस्फेट नाही, निकेल नाही. सगळं छान. फक्त थर आहे 20 ते 100 नॅनोमीटरचा. फॉस्फेट झालेल्या जॉबचा, म्हणजे लाइनवरच्या वस्तूचा, एकसारखा राखाडी रंग बघून अनुभवी ऑपरेटर लांबूनच सांगायचा की काम नीट झालंय की नाही. इथे दिसते ती जेमतेम निळसर-सोनेरी झाक, कधी तीही नाही. लाइन मध्येच थांबली आणि ओला जॉब हवेत लटकत राहिला, तर बघता बघता त्याच्यावर पिवळट गंज धरतो. शेवटच्या धुण्याला डीआय (क्षार काढलेलं) पाणी नसेल तर पाण्यातले क्षार रंगाखाली अडकतात, आणि ओलावा मिळाला की फोड येऊ लागतात. तोवर माल ग्राहकाकडे पोचलेला असतो आणि दोष बहुतेक वेळा रंगाच्या माथी मारला जातो.

त्यामुळे एक चाचणी पहिल्याच आठवड्यात हातात बसवून घ्या: वॉटर ब्रेक टेस्ट. साफ करून धुतलेला जॉब पाण्यातून बाहेर काढा, उभा धरा आणि थांबा. पाण्याचा पडदा अखंड राहून सावकाश खाली उतरला तर पृष्ठभाग स्वच्छ. पडदा फाटून थेंब जमले, कुठे पाणी मागे सरकलं, तर तिथे तेल आहे. बहुतेक जण दोन-चार सेकंद बघून मान डोलवतात. निदान अर्धा मिनिट बघा, कारण पडदा बरेचदा उशिरा फाटतो आणि तो आधी भोकांच्या काठाशी, वेल्डच्या बाजूला, घड्यांपाशी फाटतो. यात एक मेख आहे. अल्कली क्लीनरमधला साबणासारखा पदार्थ पृष्ठभागावर राहिला असेल तर खाली तेल असूनही पडदा अखंड दिसतो. म्हणून जॉब आधी नीट धुऊन, पातळ आम्लात बुडवून, पुन्हा धुऊन मगच बघायचं.

आता क्रोमकडे येऊ, कारण या क्षेत्रातले शोध कसे जन्माला येतात ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. अनेक शोध काही नवं मिळवण्यापेक्षा काहीतरी घालवण्यासाठी लागलेत, आणि त्या यादीत हेक्झाव्हॅलंट (सहा संयुजेचं) क्रोमियम पहिलं. ते कॅन्सरकारक आहे, यात आता वाद नाही. युरोपीय संघाचे रोह्स निर्बंध 1 जुलै 2006 पासून लागू झाले आणि विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या कुठल्याही एकजिनसी पदार्थात त्याचं प्रमाण वजनाने 0.1 टक्क्याच्या आत आलं. पुढे युरोपच्याच रसायनांविषयीच्या रीच कायद्याखाली 21 सप्टेंबर 2017 नंतर त्याचंच टाकीत वापरलं जाणारं संयुग, क्रोमियम ट्रायऑक्साइड, खास परवानगीशिवाय वापरता येईना.

हार्ड क्रोमच्या, म्हणजे झिजेला टिकणाऱ्या कठीण क्रोम थराच्या, टाकीवर उभं राहिलात तर प्रकरण किती गुंतागुंतीचं आहे ते कळेल. या टाकीत वीज जाते त्यातला साधारण 10 ते 20 टक्के भागच क्रोम बसवायला लागतो, उरलेली बहुतेक वीज हायड्रोजन तयार करण्यात जाते. बुडबुडे वर येऊन फुटतात आणि क्रोमिक आम्लाचं धुकं हवेत उडतं. ते दाबायला टाकीत पीएफओएस या फ्लोरिनयुक्त गटातली रसायनं घालू लागले, आणि धुकं खरंच कमी झालं. मग लक्षात आलं की ही रसायनं निसर्गात विघटित होतच नाहीत. 2009 मध्ये टिकाऊ प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम करारात पीएफओएसचं नाव आलं. म्हणजे एका विषावर उतारा म्हणून आणलेली गोष्टच दुसरं विष निघाली. एखादा विक्रेता "हा पूर्ण सुरक्षित पर्याय" म्हणाला की मला हे आठवतं.

हार्ड क्रोमला आज पर्याय बरेच आहेत. एचव्हीओएफ पद्धतीत टंगस्टन कार्बाइडची पावडर अतिवेगवान ज्वाळेतून फवारतात. विमानांच्या लँडिंग गिअरवर ती रुळली आहे. पण फवारा समोरून लागतो, अरुंद नळीच्या आतल्या बाजूला पोचत नाही, आणि थर इतका कठीण की ग्राइंडिंगला डायमंड व्हील लागतं. जर्मनीत आखेनला फ्राउनहोफर संस्थेच्या लेझर केंद्रात ईएचएलए नावाचं अतिवेगवान लेझर क्लॅडिंग (लेझरने धातूवर धातूचा थर चढवणं) विकसित झालं. नेहमीच्या क्लॅडिंगमध्ये लेझर मूळ धातू वितळवतो आणि पावडर त्या डबक्यात पडून वितळते. इथे पावडर वरच, लेझरच्या झोतात वितळते आणि खाली येऊन चिकटते. त्यामुळे मूळ धातू कमी तापतो, थर पातळ ठेवता येतो आणि वेग कैकपट वाढतो. हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यांसाठी उत्तम. गोल फिरवता येईल अशाच जॉबला मात्र ते सहज जमतं, वेड्यावाकड्या आकाराला नाही.

झिंक प्लेटिंगवर गंज रोखायला देतात त्या पॅसिव्हेशनच्या पातळ थराचीही तीच तऱ्हा. जुन्या पिवळ्या, हेक्झाव्हॅलंट क्रोमेटचा एक गुण आजही कुणाला सहज जमलेला नाही: ओरखडा पडला की थरातलं थोडं क्रोमियम विरघळून त्या जागी जातं आणि जखम पुन्हा बुजवतं. त्याच्या जागी आलेल्या ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेच्या) क्रोमियमला ही कला अंगभूत नाही, म्हणून वर सीलर किंवा टॉपकोट द्यावा लागतो. उलट तापलेल्या भागावर जुनं क्रोमेट भेगाळून निकामी होतं, ट्रायव्हॅलंट तिथे जास्त टिकतं. इंजिनाजवळच्या बोल्टला म्हणूनच ते सरस. फक्त टाकीत पडलेले जॉब वेळच्या वेळी बाहेर काढा, कारण त्यातून विरघळलेलं लोह बाथची, म्हणजे टाकीतल्या द्रावणाची, वाट लावतं.

पावडर कोटिंगमध्ये नवीन माणसाला वाटतं की विद्युतभारित पावडर फवारणारी गन हातात आली की काम आलं. खरी परीक्षा खोबणीत आणि आतल्या कोपऱ्यात. तिथे विद्युतक्षेत्र आत शिरत नाही, पावडर कडांवर जाऊन बसते आणि कोपरा उघडा राहतो. याला फॅराडे केज इफेक्ट म्हणतात. नवशिका काय करतो, व्होल्टेज वाढवतो. करायचं असतं नेमकं उलट: व्होल्टेज आणि करंट उतरवा, हवा कमी करा, गन थोडी तिरकी धरा. या क्षेत्रातही बदल काढून टाकण्यातूनच आलाय. पॉलिएस्टर पावडरमधलं टीजीआयसी हे रसायन आनुवंशिक दोष निर्माण करू शकतं म्हणून युरोपात ते मागे पडलं आणि त्याच्या जागी एचएए आलं. एचएए भट्टीत पिकताना पाण्याची वाफ सोडतं, थर जाड झाला की त्यातून टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. पूर्वी दोन हात जास्त मारले तरी चालायचं, आता थराची जाडी मोजणारा डीएफटी मीटर जवळ ठेवूनच काम करावं लागतं. कमी तापमानाला पिकणाऱ्या पावडरीही आल्यात, 200 ऐवजी 150 अंश किंवा त्याखाली. लाकडी बोर्ड, जड कास्टिंग यांना वरदान. पण जी पावडर कमी उष्णतेत पिकते ती गोदामातल्या उकाड्यातही गोळे धरते, म्हणजे साठवणूक थंड जागी हवी.

पीव्हीडी, डीएलसी, ॲटॉमिक लेयर डिपॉझिशन ही निर्वात चेंबरमधली दुनिया वेगळी आहे. तिच्यावर इथे एवढंच: बोटाचा एक ठसाही तिथे माल बाद करायला पुरतो.

शिकायचं कसं? माझं ठाम उत्तर हल सेल. 1939 मध्ये आर. ओ. हल यांना पेटंट मिळालेलं हे तिरक्या बाजूचं छोटं भांडं आजही प्लेटिंग लॅबमधलं सगळ्यात कामाचं साधन आहे. त्यात प्लेटिंगसाठी ठेवलेला पत्रा तिरका असल्यामुळे त्याच्या एका टोकाला करंट जास्त, दुसऱ्या टोकाला कमी. म्हणजे एकाच पट्टीवर सगळ्या करंट डेन्सिटी (दर क्षेत्रफळामागचा करंट) एकदम दिसतात. भांड्यात 267 मिली द्रावण घेतात. आकडा विचित्र वाटेल, पण त्यात 2 ग्रॅम रसायन घातलं की ते बरोबर गॅलनला एक औंस होतं. क्लोराइड झिंकच्या पट्टीवर जास्त करंटच्या टोकाला खरखरीत, जळाल्यासारखा भाग किती आहे ते बघा, मग चमक कुठून कुठपर्यंत पसरली ते बघा, आणि शेवटी कमी करंटचं टोक काळवंडलंय का ते. नंतर पट्टी अगदी पातळ नायट्रिक आम्लात क्षणभर बुडवा. ते टोक काळं पडलं तर बाथमध्ये तांबं किंवा शिसं शिरलंय असा संशय घ्या. चमक गेली म्हणून डोळे झाकून ब्राइटनर (चमक आणणारं रसायन) ओतणारे खूप भेटतील. त्यांच्या आधी पट्टी काढणारा माणूस व्हा. काढलेल्या पट्ट्यांवर तारीख घालून त्या जपून ठेवा.

विचित्र दिसणारा आकडा खोडू नका, हेही सांगतो. 1940च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये ॲबनर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल नळीच्या आतून निकेलच्या मिश्रधातूचं प्लेटिंग करत होते. द्रावणात सोडियम हायपोफॉस्फाइट घातल्यावर हिशेब असा आला की करंटची कार्यक्षमता 100 टक्क्यांच्या वर! विजेच्या मानाने जास्त निकेल बसलं होतं. म्हणजे काही निकेल विजेविनाच बसत होतं, आणि इलेक्ट्रोलेस निकेलची प्रक्रिया त्यातून उभी राहिली. कोल्ड स्प्रेही असाच. 1980च्या दशकात नोवोसिबिर्स्कमध्ये पापिरिन आणि सहकारी स्वनातीत झोतात धातूचे कण सोडून प्रयोग करत होते. कण ठरावीक वेगाच्या वर गेले की पृष्ठभाग झिजवण्याऐवजी न वितळता त्याला चिकटू लागले. आज विमानांचे मॅग्नेशियमचे गिअरबॉक्स याच तंत्राने दुरुस्त होतात.

नवं उत्पादन घेऊन कुणी आलं की माहितीपत्रकाआधी एसडीएस, म्हणजे रसायनाचे घटक आणि धोके सांगणारा कागद, मागा आणि तिसरा विभाग उघडा. ब्रँडनेममागे काय दडलंय ते तिथे असतं. "सॉल्ट स्प्रेला हजार तास" हा दावा ऐकाल. लगेच विचारा: पांढऱ्या (झिंकच्या) गंजापर्यंत की लाल (लोखंडाच्या)? थर किती मायक्रॉनचा? सीलर होता का? ओरखडा मारलेला होता का? 35 अंशांना पाच टक्के मिठाच्या फवाऱ्यातले तास म्हणजे बाहेरच्या हवेतली वर्षं नव्हेत, त्या दोन्हींचं त्रैराशिक मांडता येत नाही. ही चाचणी आपल्याच मालाची गुणवत्ता रोज सारखी येते का हे बघायला चांगली.

नोकरीच्या वाटा अनेक आहेत. केमिस्ट्रीवाल्यांना बाथ कंट्रोल आणि लॅब, मेकॅनिकलवाल्यांना लाइन आणि फिक्स्चर, पेंट टेक्नॉलॉजीवाल्यांना पावडर आणि रंग. पुलांवरचं, टाक्यांवरचं काम आवडत असेल तर कोटिंग इन्स्पेक्टरचं प्रमाणपत्र मिळवा. नेस आणि एसएसपीसी या दोन जुन्या संस्था 2021 मध्ये एकत्र येऊन एएमपीपी झाली, तिचं किंवा नॉर्वेच्या फ्रोसिओचं जगभर चालतं. तिथे पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी तोंडपाठ हव्यात: ब्लास्टिंगचा, म्हणजे कणांच्या माऱ्याने केलेल्या सफाईचा, Sa 2½ दर्जा कसा दिसतो, आणि रंग देताना पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश वर असायला हवं. प्लेटिंगमध्ये उच्च ताकदीचे बोल्ट येत असतील तर पोलादात शिरलेल्या हायड्रोजनने येणारा ठिसूळपणा आणि तो टाळायला करतात ते बेकिंग नीट समजून घ्या. प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत भट्टीत गेले नाहीत तर बोल्ट कसल्यावर, कधीकधी दुसऱ्या दिवशी, कडकन तुटतात. सायनाइड आणि आम्ल यांच्या टाक्या, बादल्या, ड्रेन काहीही एकत्र येऊ द्यायचं नाही. यात अपवाद नाही.

आणि लाइनवर रुजू झाल्यावर ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लांटवर, वेळ काढा. तिथला ऑपरेटर पीएच 2 ते 3 वर आणून मेटाबायसल्फाइटने हेक्झाव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट करतो, मग चुना घालून ते गाळात बसवतो. त्याच्याकडून शिकून हे एकदा स्वतःच्या हाताने करून बघा. त्याची नोंदवहीही चाळा. वरच्या कुठल्या टाकीतून जॉबबरोबर किती रसायन वाहून जातंय, कुठल्या शिफ्टला रॅक निथळू न देता घाईने पुढे सरकवले जातात, हे लॅबच्या आधी त्या वहीत दिसतं.