आहाराचा तक्ता बदलताना किरणोत्सर्गी मात्रेचा हिशेब कुठं फसतो: या चुका टाळा

अन्नातून माणसाला वर्षाकाठी किती किरणोत्सर्गी मात्रा मिळते, हा हिशेब तसा तीन आकड्यांचा गुणाकार आहे. किलोभर अन्नात किती बेकेरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक), माणूस ते वर्षाला किती किलो खातो आणि एका बेकेरेलमागे मात्रा किती पडते. पहिला आकडा प्रयोगशाळा घाम गाळून मोजते. तिसरा आयसीआरपी या किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या यादीत तयार मिळतो. मधला, म्हणजे आहाराच्या तक्त्यातला, मात्र बहुतेकदा कुठून तरी उचललेला असतो आणि वर्षानुवर्षं तसाच पुढे ढकलला जातो. कोल्हापुरात अणुभट्टी नाही, पण नैसर्गिक पोलोनियम, किरणोत्सर्गी शिसं, रेडियम इथल्या ताटातही असतातच. खाण्यापिण्यातून मिळणाऱ्या नैसर्गिक मात्रेची जागतिक सरासरी वर्षाला ०.२९ मिलिसिव्हर्ट आहे (सिव्हर्ट हे मात्रेचं एकक; एक मिलिसिव्हर्ट म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्ट). तिच्याशी कोल्हापूरची तुलना करायची, तर मधला आकडा कोल्हापूरचा हवा.

जगाचं ताट कोल्हापूरकरापुढे वाढू नका

किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्स्केअर समितीच्या २००० सालच्या अहवालात प्रौढ माणसाचा वर्षाचा आहार दिला आहे: धान्य १४० किलो, दूध १०५, मांस ५०, मासळी १५. प्रकल्पाच्या वहीत मासळीसमोर नेमके १५ किलो दिसले, की तक्ता जसाच्या तसा उतरवलाय हे समजावं.

याने फरक किती पडतो? त्याच अहवालात मासळीतल्या पोलोनियम-२१०चं संदर्भमूल्य किलोला २ बेकेरेल आहे आणि प्रौढासाठी एका बेकेरेलमागे १.२ मायक्रोसिव्हर्ट धरतात. म्हणजे १५ किलोंचे ३६ मायक्रोसिव्हर्ट झाले. घाट चढून आलेली रत्नागिरी-मालवणची मासळी महिन्यातून एखाद-दोनदा खाणारं घर धरा, माणशी ३ किलो. मात्रा सातवर येते. मासळीत काहीही बदललं नाही, बदललं फक्त ताट.

आता मटण. आपल्याकडे सर्वेक्षणात सगळ्यात जास्त वाद याच आकड्यावर होतो. पण मांसातल्या पोलोनियमचं संदर्भमूल्य किलोला ०.०६ बेकेरेल आहे. ५० किलो मटणाचे जेमतेम ३.६ मायक्रोसिव्हर्ट होतात आणि खाणं दुप्पट धरलं तरी तेवढेच आणखी वाढतात. तेव्हा तांबड्या-पांढऱ्याच्या वाट्या मोजण्यात दिवस घालवण्यापेक्षा घरात सुकट, बोंबील किती येतं ते विचारा. सुकी मासळी मोजताना दोन गोष्टी उलटसुलट घडतात. पाणी उडाल्यामुळे किलोमागे बेकेरेल वाढतात. उलट डब्यात महिनोन्‌महिने पडून राहिली तर पोलोनियम घटत जातं, कारण त्याचं अर्धायुष्य १३८ दिवसांचं आहे, म्हणजे तेवढ्या दिवसांत ते निम्मं होतं. ओल्या मासळीचा आकडा सुक्याला लावला तर दोन्हीकडून फसाल.

कच्चं की शिजलेलं, ओलं की वाळलेलं

धान्याची मात्रा अचानक अडीच-तीन पट फुगली असेल, तर आधी इथं पाहा. लोकांना विचारायचं तर किती वाट्या भात, किती भाकरी असंच विचारावं लागतं. पीठ तोलून कोण जेवतं? पण प्रयोगशाळेचे बेकेरेल तांदळाचे आणि पिठाचे असतात, आणि तांदळाचा भात होताना वजन साधारण तेवढ्याच पटीने वाढतं. पालेभाजीत चूक आणखी मोठी होते. मेथी-पालकात बहुतांश पाणीच असतं. नमुना वाळवून मोजलेला आणि खाणं ताज्या भाजीचं, असं झालं की हिशेब आठ-दहा पटींनी चढतो. राख करून मोजणाऱ्यांनी तर राखेचं आणि ताज्या नमुन्याचं वजन शेजारी-शेजारी लिहून ठेवावंच.

पांढऱ्या रश्श्याचं प्रकरण जरा वेगळं आहे. नमुन्यासाठी हाडं काढून नुसतं मांस घेतात, पण रस्सा हाडांसकट उकळलेल्या अळणी पाण्याचा. रेडियम आणि स्ट्रॉन्शियम हाडात साठतात. रश्श्यात त्यातलं किती उतरतं, ते रस्सा मोजूनच ठरवा. मांसाचा आकडा त्याला चिकटवू नका.

साखर सोडून गूळ खाल्ला म्हणून मात्रा वाढली?

कागदावर वाढते. गुळात पोटॅशियम भरपूर असतं, साखरेत जवळपास नसतंच, आणि पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममागे पोटॅशियम-४०चे सुमारे ३१ बेकेरेल येतात. पण शरीर पोटॅशियम एका पातळीवर राखतं आणि जास्तीचं बाहेर टाकतं. म्हणून ते खाण्याने न गुणता प्रौढांसाठी वर्षाला सरसकट ०.१७ मिलिसिव्हर्ट धरा आणि आहार बदलला तरी हा आकडा हलवू नका.

सगळंच भरपेट खाणारा माणूस

जास्त खाणाऱ्याची मात्रा काढताना धान्य, दूध, मांस, मासळी सगळ्यांचा ९५वा शतमक (शंभरातले ९५ जण ज्याहून कमी खातात तो आकडा) घेऊन बेरीज करतात. त्या माणसाच्या दिवसाच्या कॅलरी मोजून पाहा. तालमीतला पैलवानही हात टेकेल. ब्रिटनमध्ये मात्रेत सर्वांत जास्त भर घालणारे दोन पदार्थ तेवढे भरपूर धरतात, बाकीचे सरासरीने. ही रीत इथंही चालेल.

आणि जास्त खाणारा नेहमी प्रौढच असतो असंही नाही. फुकुशिमाच्या अणुभट्टी अपघातानंतर जपानने एप्रिल २०१२पासून सर्वसाधारण अन्नात किरणोत्सर्गी सीझियमची मर्यादा किलोला १०० बेकेरेल केली. वयोगटवार हिशेबात सर्वांत कडक आकडा आला तो १३ ते १८ वयाच्या मुलग्यांमुळे, कारण खाणंच तेवढं. तान्ह्यांचं उलट आहे. खाणं थोडं, पण वर्षाच्या बाळाला पोलोनियमच्या एका बेकेरेलमागे प्रौढाच्या सातपट मात्रा पडते.

सरकारी उपभोग खर्च सर्वेक्षणाचे आकडे वापरताना हे विसरायला होतं. तिथं घरातलं सगळं सामान माणशी भागलेलं असतं. नातू आणि आजोबा एकाच मापात. २०२२-२३च्या सर्वेक्षणात धान्याचा वाटा घटलेला दिसतो तो वाटा खर्चातला आहे; किलो किती घटले ते त्यावरून ठरवू नका.

वर्षागणिक मात्रेच्या आलेखात अचानक पायरी दिसली तर

तक्ता बदलला त्या वर्षी मात्रा जुन्या आणि नव्या अशा दोन्ही आहारांवर काढून छापा, आणि जमेल तितकी मागची वर्षं नव्या तक्त्याने पुन्हा काढा. तरीही वाढ उरली, तर नव्याने घातलेले पदार्थ तपासा. नाचणी, काजू असे पदार्थ वाढवले, एकातही काही सापडलं नाही, तरी मात्रा चढली, असं होतं. कारण ‘शोधमर्यादेपेक्षा कमी’ (म्हणजे उपकरणाला ओळखता येईल त्याहून कमी) याच्या जागी शोधमर्यादेचाच आकडा घालून गुणाकार झालेला असतो. अशा पदार्थांची बेरीज वेगळ्या ओळीत ‘याहून जास्त नाही’ म्हणून दाखवा आणि मोजलेल्या मात्रेत मिसळू नका.