औषधी गांजाच्या सुरक्षिततेवर आरोग्य नोंदींतून देखरेख कशी ठेवावी

दुष्परिणाम मोजायला बसण्याआधी कोणत्या रुग्णाने नेमके काय घेतले, हे ठरवावे लागते. इलेक्ट्रॉनिक नोंदींत नुसता ‘गांजा’ हा शब्द शोधला, तर अपस्मारासाठी शुद्ध सीबीडी (गांजातील, नशा न आणणारा घटक) घेणारे मूल, मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे आलेल्या ताठरपणासाठी तोंडात फवारा मारणारा रुग्ण आणि व्यसनमुक्तीसाठी आलेला तरुण एकाच यादीत येतात. म्हणून सुरुवात औषधांच्या एटीसी कोडपासून, म्हणजे औषधांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील संकेतांकापासून, करावी: सीबीडीसाठी एन०३एएक्स२४, तर टीएचसी (गांजातील नशा आणणारा घटक) किंवा त्यासारखे कृत्रिम द्रव्य असलेल्या औषधांपैकी ड्रोनॅबिनॉलसाठी ए०४एडी१०, नॅबिलोनसाठी ए०४एडी११. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील एफ१२ हा गट गांजाच्या सेवनातून उद्भवणाऱ्या मानसिक विकारांचा आहे. तो जोखमीचा पूर्वेतिहास म्हणून जपावा, औषधयोजनेचा पुरावा म्हणून नव्हे.

खरी अडचण कोड नसलेल्या तेलांची असते, कारण ती डॉक्टरांच्या मुक्त टिपणात दडलेली असतात. समजा, टिपणात ‘तेल ०.५ मिली, दिवसातून दोनदा’ एवढेच लिहिले आहे. तेलात दर मिलीला १०० मिग्रॅ सीबीडी असेल, तर रोजची मात्रा १०० मिग्रॅ होते. २० मिग्रॅ असेल, तर तीच २० मिग्रॅवर येते. तेलाची तीव्रता आणि त्यातील टीएचसीचे प्रमाण सापडले नाही, तर अंदाज न बांधता त्या नोंदीवर ‘मात्रा अज्ञात’ अशी खूण करावी आणि अशा नोंदींची वेगळी संख्या अहवालात द्यावी.

देखरेखीत शक्यतो नव्यानेच औषध सुरू केलेले रुग्ण घ्यावेत, म्हणजे आधीच्या १२ महिन्यांत ज्यांच्या नावावर असे औषध नाही असे. जुन्या रुग्णांत मुख्यतः औषध सोसलेलेच उरतात, ज्यांना सुरुवातीलाच त्रास झाला ते केव्हाच गळालेले असतात.

सीबीडीच्या बाबतीत यकृताकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. एएलटी व एएसटी ही यकृताची एन्झाइम आणि बिलिरुबिन यांची रक्ततपासणी औषधापूर्वी आणि त्यानंतर १, ३ व ६ महिन्यांनी झाली का, हे पाहावे. सोबत व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचे औषध असेल, तर एन्झाइम वाढण्याचा धोका अधिक असतो. मात्र तपासणीची नोंद नसणे म्हणजे अहवाल सामान्य असणे नव्हे, आणि ही गफलत फार सहज होते. क्लोबाझम या अपस्माराच्या दुसऱ्या औषधासोबत सीबीडी दिल्यास क्लोबाझमपासून शरीरात तयार होणाऱ्या सक्रिय घटकाची रक्तातील पातळी वाढते, त्यामुळे गुंगीच्या नोंदी तपासताना दोन्ही औषधांच्या तारखा शेजारीशेजारी ठेवाव्यात. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घेणाऱ्यांत आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचे माप, आणि टॅक्रोलिमस (अवयव प्रत्यारोपणानंतरचे औषध) घेणाऱ्यांत त्याची रक्तपातळी पाहावी. टीएचसी असलेल्या औषधांसाठी धडधड, चक्कर, पडणे आणि भ्रम किंवा मनोविकृती यांचे कोड निवडावेत.

तुलना निरोगी लोकांशी करू नये. जुनाट वेदनेच्या रुग्णाला बहुधा ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामके) किंवा झोपेची औषधेही चालू असतात, त्यामुळे त्याच आजारासाठी दुसरे औषध नव्याने सुरू केलेला गट तुलनेला घ्यावा आणि सोबतची औषधे हिशेबात धरावीत.

शेवटी संगणकाने शोधलेल्या प्रकरणांपैकी काही प्रत्यक्ष उघडून वाचावीत. ‘पडणे’ या कोडची तारीख औषधाच्या पहिल्या मात्रेच्या आधीची निघते, किंवा टिपणात ‘तेल आणले, पण घेतले नाही’ असे लिहिलेले आढळते. प्रिस्क्रिप्शनची तारीख आणि औषध प्रत्यक्ष घेण्याची तारीख यांतले असे अंतर कोणत्याही कोडमध्ये दिसत नाही.